पाणी कधी थांबतं : पहाटेच्या तळ्याच्या नोंदी

१२ सप्टेंबर, रात्री, तंबूत

काम एकच. जिन्यातल्या भिंतीसाठी एक प्रिंट, उभी, साठ बाय नव्वद सेंटिमीटर. तळ्यापलीकडचं शिखर, त्यावर उगवतीची लाली आणि खाली पाण्यात तेच शिखर उलटं. असले फोटो हजारदा बघून झालेत, हे कबूल. तरी आपला एक असावा ही हौस.

जागेची मांडणी आधीच लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल. तळं दक्षिणोत्तर लांबट, रुंदी अंदाजे तीनशे मीटर. मी पूर्वेच्या काठावर, तोंड पश्चिमेला. समोरच्या काठावर झुडपांनी भरलेलं चाळीसेक मीटर उंचीचं टेकाड. त्याच्या बऱ्याच मागे, माझ्यापासून दोन-सव्वादोन किलोमीटरवर शिखर, पाण्यापासून नऊशे मीटर वर. पाठीशी पूर्वेची डोंगरधार आणि तिच्यात एक खिंड.

म्हणजे सूर्योदयाचा फोटो, पण सूर्याकडे पाठ करून. भाच्याला हे अजून पटलेलं नाही.

"मामा, सूर्य मागे उगवणार आणि आपण पुढे बघत बसायचं?"

"हो. प्रकाश पडतो तिकडे बघायचं."

"मग सूर्य मी बघतो, तू फोटो काढ."

ठरलं.

१३ सप्टेंबर

पावणेपाचला उठलो. सूर्योदय ६:०५ चा. पाण्यापासून बारा मीटर वर एक सपाट कातळ आहे, काल संध्याकाळी तिथून देखावा झकास दिसला होता, म्हणून ट्रायपॉड तिथेच लावला. ट्रायपॉडच्या हँडलला वीतभर लोकरीचा धागा बांधला. पाण्यावर तरंग का येतायत हे अंधारात कळत नाही, धागा टॉर्चच्या उजेडात लगेच सांगतो. धागा सारखा तळ्याच्या खालच्या टोकाकडे ओढला जात होता.

पावणेसहाला शिखराच्या दोन्ही खांद्यांवर गुलाबी पट्टा आणि त्याखाली करडा-निळा पट्टा दिसला. खालचा पट्टा ही पृथ्वीची स्वतःची सावली, समोरच्या हवेवर पडलेली. सूर्य वर येतो तसतशी ती खाली बुडत जाते. भाचा तेवढ्यापुरता सूर्य विसरून पश्चिमेकडे बघत उभा राहिला.

मग माझा मूर्खपणा. निळ्या उजेडात तीस सेकंदांचं एक एक्स्पोजर घेतलं. कॅमेऱ्यात लांब एक्स्पोजरचा नॉइज, म्हणजे फोटोतले रंगीत दाणे, कमी करायची सोय चालू राहिली होती, मागच्या महिन्यात रात्रीच्या आकाशासाठी केली होती ती. ती चालू असली की तीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी तीस सेकंदांची एक काळी फ्रेम घेतो आणि तोवर कुठल्याच बटणाला दाद देत नाही. नेमकं तेव्हाच, ६:०१ ला, शिखराच्या टोकावर निखाऱ्यासारखा ठिपका पेटला. मी बटणं दाबतोय आणि पडद्यावर आपलं 'प्रतीक्षा करा'.

सूर्योदय ६:०५ चा असताना ठिपका ६:०१ ला कसा, हा भाच्याचा प्रश्न. जाहीर होणारी वेळ सपाट क्षितिजासाठी असते. शिखर उंच, त्याला क्षितिज खाली दिसतं, हजार मीटरला जवळजवळ एक अंश. सूर्य तासाला साधारण साडेबारा अंश वर चढतोय, म्हणजे चार-पाच मिनिटांचा फरक. शिवाय क्षितिजावर सूर्याची वरची कड दिसते तेव्हा हवेतल्या वक्रीभवनामुळे तो अख्खा प्रत्यक्षात खालीच असतो. आपण बघतो ती उचलून धरलेली प्रतिमा.

पुढची पाच-सहा मिनिटं लाली होती. मग नारिंगी, मग पिवळं. फ्रेम भरपूर मिळाल्या, पण पाणी एकदाही थांबलं नाही. खाली डोंगराऐवजी नुसता गुलाबी चुरा.

फोटो बघताना भाचा म्हणाला, "मामा, पाण्यातला डोंगर बुटका आहे." मला वाटलं तरंगांमुळे. मोजलं तर खरंच टेकाडाच्या वर दिसणारा शिखराचा भाग पाण्यात पाचव्या हिश्शाने कमी. दुपारी कागदावर रेघा मारल्यावर उलगडलं. प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची घडी नव्हे. कॅमेरा पाण्याच्या वर जितका, तितकाच पाण्याखाली ठेवून वर पाहिलं तर जे दिसेल ते पाण्यात दिसतं. मी बारा मीटरवर, म्हणजे पाण्यातलं दृश्य उणे बारा मीटरवरून. तिथून जवळचं टेकाड जास्त उंच होतं आणि मागचं शिखर झाकतं. उद्या कॅमेरा पाण्यालगत.

संध्याकाळी मुठीने मापं घेतली. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश. शिखराचं टोक दोन मुठींहून किंचित वर, २२ अंश धरतो. मागची धार दीड मुठीला जराशी कमी, १४ अंश. खिंड त्याच्या निम्मी, ७. म्हणजे तळ्यावर ऊन यायला सूर्योदयानंतर तासाहून जास्त. आज सव्वासातला आलं, जमलं.

१४ सप्टेंबर

कॅमेरा पाण्यापासून चाळीस सेंटिमीटरवर. ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवले, मी ओल्या दगडांवर पोटावर. २८ मिमीची वाइड लेन्स, उभी फ्रेम, कॅमेरा अगदी सपाट. शिखर वर २२ अंश, पाण्यात खाली २२, आणि वर-खाली थोडी हवा. २८ मध्ये बरोबर बसतं. कॅमेरा वर वा खाली कलवला की दोन्ही शिखरं वेगवेगळी तिरकी होतात, म्हणून लेव्हलचा बुडबुडा सोडायचा नाही.

बुटकेपणा गेला. दुसरी अडचण आली : पाण्यातलं टेकाड चांगलं दिसतं पण शिखराचं टोक अंधारं आणि तिथे आरपार तळाचे दगड दिसतात. याला कारण कोन. पाण्यावर सरळ वरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम २ टक्के परत येतो, पाण्याला घासून जाणारा जवळजवळ सगळा. टेकाड साडेसात-आठ अंशांवर आहे, तिथून चाळीस टक्क्यांच्या वर परत येतो. शिखराचं टोक २२ अंशांवर, तिथून फक्त ११ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे टोक स्वतःच्या प्रतिबिंबापेक्षा तीन स्टॉपहून जास्त उजळ (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). 'प्रतिबिंब एक स्टॉप काळं असतं' हा ऐकीव नियम लांबच्या ठेंगण्या डोंगरांसाठी ठीक.

तीन स्टॉपचा कडक कडेचा ग्रॅज्युएटेड फिल्टर, म्हणजे अर्धी गडद अर्धी स्वच्छ काच, लावून पाहिला. त्याची रेघ काठावर ठेवली तर टेकाड काळंठिक्कर, वर सरकवली तर शिखराचा बुंधा उजळ आणि टोक मळकं. पिशवीत परत. ब्रॅकेटिंगच करायचं, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम घेऊन मागाहून जोडायच्या.

पोलरायझर, एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर, मात्र उपयोगी ठरला, आणि लोक वापरतात त्याच्या उलट फिरवून. पाण्यावरून परतणारा प्रकाश आडवा ध्रुवित असतो, म्हणजे जास्त करून आडव्या दिशेत कंप पावतो. भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस्टरने १८१५ मध्ये मांडलेला नियम पाण्याला लावला तर पृष्ठभागापासून ३७ अंशांच्या नजरेला तो पूर्णपणे आडवा, पण २२ लाही बराच. फिल्टर एका बाजूला फिरवला की प्रतिबिंब पुसलं जाऊन तळ दिसतो. नव्वद अंश पुढे फिरवला की वरचं दृश्य मंद होतं आणि प्रतिबिंब त्या मानाने कमी मंद. पाऊण स्टॉपची तफावत भरून निघते. एरवी वाइड लेन्सवर पोलरायझर लावला की आकाशात गडद डाग येतो, पण तो सूर्यापासून नव्वद अंशांवर. मी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला बघतोय, इथे आकाशाला काही होत नाही.

लाली ६:०२ ते ६:०८. वारा तसाच. साडेसहाला सामान आवरलं. भाचा तिथेच खडे मोजत बसला होता, आणि निघताना म्हणाला, "आता बघ ना पाणी." बघितलं. काच. शिखरावर एव्हाना साधं पिवळं ऊन होतं, म्हणून मी कॅमेरा काढला नाही. हे लिहिताना जरा लाज वाटतेय.

२० सप्टेंबर

एकटाच आलो. आज फोटो दुय्यम, धागा मुख्य. पाच वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी वही.

पाच ते सव्वासहा : धागा अखंड खालच्या टोकाकडे. ही रात्रीची उतारावरची हवा. निरभ्र रात्री डोंगराची अंगं थंड होतात, त्यांना लागलेली हवा जड होऊन दरीत उतरते आणि तळ्यावरून वाहत राहते. ६:२० पासून झुळका तुटक. ६:३० ला वारा पडला. धागा सरळ खाली, नुसता अंगाभोवती फिरणारा. ६:५२ ला पहिल्यांदा उलटा हलला, शिखराकडे. सात वाजता पाणी पुन्हा खरखरीत. उन्हात तापलेल्या समोरच्या उतारावरची हवा आता वर चढायला लागली आणि तळ्यावरची तिकडे ओढली गेली.

तर पाणी थांबतं ते या दोन वाऱ्यांच्या सांध्यात, वीस-बावीस मिनिटं. आणि लाली येते ६:०५ च्या सुमारास, म्हणजे खालचा वारा अजून जोरात असताना. जी रात्र लालीसाठी उत्तम, निरभ्र आणि कोरडी, तीच उतारावरच्या वाऱ्यासाठीही उत्तम. मी दोन गोष्टी एका चौकटीत मागतोय आणि या तळ्यावर त्या पाठोपाठ येतात.

हवा २ अंश, पाणी ११. पाण्यावर वाफ. ऊबदार पाण्याची वाफ थंड हवेत लगेच बारीक थेंब होऊन तिचं धुकं होतं आणि वाऱ्याबरोबर सरकतं. दिसायला सुंदर, पण प्रतिबिंबाच्या नेमक्या मधल्या पट्ट्यात. एका फ्रेममध्ये शिखर दोन वेळा आणि मध्ये कापूस.

लेन्सवर दव साचलं हे पंधरा मिनिटांनी कळलं. वीस फ्रेम बाद. उघड्या आकाशाखाली काच हवेपेक्षाही थंड होते, गवताच्या पात्यासारखीच. पुढच्या वेळी फोटो घेईपर्यंत टोपी घालून ठेवायची. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात होत्या, ते तरी बरं केलं.

२१ सप्टेंबर

पाऊस. काही नाही. तंबूत वही चाळताना १३ तारखेचं एक वाक्य सापडलं : 'सूर्य खिंडीच्या डावीकडे एक मूठ.' त्या दिवशी भाच्याने पूर्वेकडे बघत सांगितलेलं, मी सहज टिपलेलं.

हिशोब केला. शरद संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे होण्याच्या, या दिवसांत उगवतीची जागा रोज जवळजवळ अर्धा अंश दक्षिणेकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड केलं तर उजवीकडे सरकते. दहा अंशांना तीन आठवडे. १३ सप्टेंबर अधिक तीन आठवडे, ४ ऑक्टोबर. त्या सुमारास सूर्य धारेवरून यायची वाट न बघता खिंडीतून येईल. खिंड ७ अंशांवर, म्हणजे ऊन सूर्योदयानंतर तासाभराने नाही, अर्ध्या तासात. सूर्योदय ६:१८ धरला तर ६:५० च्या आसपास. वारा पडलेला असण्याच्या वेळेत.

तेव्हा लाली नसेल. शिखर मात्र पायथ्यापर्यंत उजळलेलं असेल, तळं सावलीत, आणि खिंडीतून आलेला एकच झोत. तो कुठे पडेल? टेकाडावर पडला तर…

२७ सप्टेंबर

रात्रभर ढग. पाणी पाच वाजल्यापासून आरसा, साडेसातपर्यंत. ढगांनी डोंगर थंड होऊ दिले नाहीत, म्हणून उतारावरचा वारा नाही. ऊन नाही म्हणून उलटा वाराही नाही. प्रतिबिंब निर्दोष आणि रंग राखेचा.

चिडून फोकसचं काम उरकलं. २८ मिमी, एफ ११ (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान), फोकस २.४ मीटरवर ठेवला तर १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं नीट. पण फ्रेमची खालची कड कॅमेऱ्यापासून जेमतेम साठ सेंटिमीटरवर येते, तिथले दगड मऊ. एफ २२ ला विवर्तनाने, बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळंच जरा मऊ, नको. दोन फ्रेम घ्यायच्या : एक सत्तर सेंटिमीटरवर, एक लांबवर.

गंमत पुढे आहे. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं. फोकसच्या दृष्टीने पाण्यातलं शिखर सव्वादोन किलोमीटरवरच आहे. पण फ्रेममध्ये त्याच जागी, मीटरभरावर, तळाचे दगडही दिसतात. एकाच ठिपक्यावर दोन अंतरं. जवळचा फोकस घेतला तर दगडावरचं शेवाळ धाग्यासारखं स्पष्ट आणि शिखराचं टोक पुसट. लांबचा घेतला तर उलट. दोन फ्रेम जोडताना संगणक इथे गोंधळतो, कधी दगड उचलतो कधी शिखर, आणि मध्ये ठिगळ पडतं. जोडणीची रेघ हातानेच ओढावी लागेल. ठरवलं : पाण्यातलं शिखर जिथवर आहे तिथवर लांबचा फोकस, त्याखालच्या दगडांना जवळचा.

तीस सेकंदांचं एक्स्पोजर घेऊन पाणी गुळगुळीत करता येईल, हाही पर्याय होता. घेऊन पाहिला, १४ लाच. तरंग एक अंश कलला की परतलेला किरण दोन अंश ढळतो. तीस सेकंदांत तसे हजार ढळे एकावर एक बसतात आणि शिखराचा उभा फराटा होतो. दुधाळ पाणी आवडणाऱ्यांना आवडो.

४ ऑक्टोबर

भाचा सोबत. रात्र निरभ्र, पण कडाक्याची नाही. हवा ५ अंश. वाफ अगदी पातळ, टेकाडाच्या पायाशी.

६:१४ ला शिखराच्या टोकावर ठिपका. या खेपेला मी कॅमेऱ्याला हात लावला नाही, नुसता बघितला. गर्द, जवळजवळ डाळिंबी. त्या वेळी किरण हवेतून सर्वांत लांबचा रस्ता कापत येतात, आणि हवा निळा रंग तांबड्याहून कितीतरी पटीने जास्त उधळून टाकते. लहरलांबीच्या चौथ्या घाताचा हिशोब आहे तो. खाली पाणी उकळल्यासारखं.

६:३६ ला वारा पडला. धागा लोंबला.

६:४४. "मामा, झाडं!" टेकाडाच्या माथ्यावरच्या झुडपांना ऊन लागलं होतं. खिंडीतला झोत आमच्या डोक्यावरून पलीकडे. टेकाड माझ्यापेक्षा धारेपासून लांब आणि उंच, म्हणून त्याला आधी ऊन, हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. मागे शिखर पायथ्यापर्यंत सोनेरी, पुढे उजळत खाली येणारं टेकाड आणि या दोन्हींच्या मध्ये सावलीतला निळा पट्टा. पाण्यात सगळं दुसऱ्यांदा. वाफेला कडेने ऊन लागून ती धाग्याएवढी झाली.

एफ ११, आयएसओ १००, १/१०, ०.४ आणि १.६ सेकंद, दोन फोकस. सहा फ्रेमचा एक संच. दोन सेकंदांचा टायमर, हात खिशात. तिसऱ्या संचाला लेव्हलचा बुडबुडा सरकलेला दिसला. ट्रायपॉडचा डावा पाय चिखलात रुतत होता. भाच्याने एक चपटा दगड पायाखाली सारला. शब्द नाही, सूचना नाही.

सातव्या संचाच्या मध्यात, ६:५१ ला, समोरच्या ओल्या दगडांवर एक लांबलचक काळी काडी उमटली. ट्रायपॉडची सावली. तिच्या शेजारी माझी. ऊन आमच्यापर्यंत पोहोचलं होतं आणि फ्रेममध्ये आता आम्हीच होतो. ६:५३ ला धागा शिखराकडे वळला.

सात मिनिटं, बेचाळीस फ्रेम. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स १९२७ साली योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे काचेच्या दोनच प्लेट उरल्या होत्या. पहिलीला पिवळा फिल्टर लावला, मग मनाशी म्हणाला असं नाही, आणि शेवटची लाल फिल्टरमागे घातली. माझ्या पहिल्या तीन संचांना नुसता सराव म्हणावं लागेल.

५ ऑक्टोबर

पुन्हा गेलो. धुकं इतकं की टेकाडही नाही. झोपायला परत.

९ ऑक्टोबर, घरी

पाचवा संच घेतला. चौथ्यात ऊन टेकाडाच्या निम्म्यावर, सहाव्यात ते पाण्यापर्यंत येऊन निळा पट्टा फिका. पाचव्यात उन्हाची कड झुडपांच्या बुंध्यांवर.

प्रतिबिंब उजळ करायचा मोह फार. स्लायडर थोडा जास्त ढकलला की पाण्यातलं शिखर खऱ्याइतकं उजळ होतं, आणि चित्र एकदम खोटं वाटायला लागतं. फोटो उलटा धरला तरी फरक कळत नाही असा. दीड स्टॉपवर थांबलो. निळ्या पट्ट्यालाही हात लावला नाही. सावलीला फक्त आकाशाचा प्रकाश मिळतो, ती निळीच असते. ऊब वाढवली तर उन्हाचं सोनं तिथल्या तिथे मरतं.

१६ ऑक्टोबर

पहिली चाचणी पट्टी. २४ मेगापिक्सेलच्या फाइलची लांब बाजू सहा हजार पिक्सेल, नव्वद सेंटिमीटरवर पसरली की इंचाला १७० च्या आसपास. जिन्यातून पुरेशी. पण पट्टी काळी. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद खोलीचा परत करतो. खालचा तिसरा भाग आणखी अर्धा स्टॉप वर आणला, मॅट कागद सोडून थोडा चमकदार घेतला.

२२ ऑक्टोबर

प्रिंट लागली. भाचा चौथ्या पायरीवर उभा राहून बघत होता. शिखराबद्दल काही नाही. डावीकडे, काठापासून हातभर आत, पाण्यावर एक पूर्ण गोल वलय आहे, बहुतेक मासा. मला पडद्यावर दिसलंच नव्हतं.

"हे मी नाही केलं हं," तो म्हणाला.

सूर्य परत उत्तरेकडे येताना त्याच खिंडीत ८ मार्चच्या आगेमागे असेल. तेव्हा तळ्यावर बर्फ. त्यात शिखर दिसतं का, ते जाऊन बघायचं आहे. लोकरीचा धागा पिशवीतच ठेवलाय.